आवाज परत मिळवताना : स्वरतंतूवरच्या पॉलिपचा माझा अनुभव

चतुर्थीच्या दिवसांत गोव्यात घराघरांतले घसे बसतात. रात्री उशिरापर्यंत आरत्या, झांजांचा कल्लोळ आणि घुमट या मातीच्या वाद्याच्याही वर चढवलेला आवाज. विसर्जनापर्यंत कोणाला धड बोलता येत नाही आणि त्याचं कोणाला काही वाटतही नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमधाची कांडी, आल्याचा काढा, की आठवडाभरात सगळं पूर्ववत. मी फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते आणि गावच्या महिला भजनी मंडळात गाते, त्यामुळे माझा आवाज बसणं हे घरात दरवर्षीचंच. त्या वर्षी मात्र दिवाळी आली, नरकासुर जाळून झाले, तरी आवाज सुटला नव्हता.

दुखत काहीच नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, गिळताना त्रास नाही. सकाळी प्रार्थनेला बरा असलेला आवाज तिसऱ्या तासाला फाटायचा. भजनात वरच्या षड्जाकडे गेलं की सूर लागायच्या जागी नुसती हवा बाहेर यायची. मंडळातल्या काकी म्हणाल्या, "बाय, ताळो अजून बसलेलाच? आता डॉक्टरला दाखवच."

फोंड्यातल्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी विचारलं, नक्की कुठे होतं? मी मानेवर हात ठेवून "गळ्यात" म्हटलं. ते म्हणाले, "बाई, माळ घालता तो गळा, गोड असतो तो गळा आणि दाटून येतो तोही गळाच. घास अडकतोय, घशात खवखवतंय की आवाज फुटत नाहीये, हे पेशंटला वेगळं करून विचारावंच लागतं, कारण तिन्हींच्या जागा निराळ्या." मग कागदावर आकृती काढून त्यांनी समजावलं. नाकाच्या मागून सुरू होऊन अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत जाणारी साधारण 12-13 सेंटीमीटरची स्नायूंची नळी म्हणजे घसा. वरच्या भागातून फक्त हवा जाते, तोंडामागच्या भागातून हवा आणि घास दोन्ही, आणि खाली वाटा फुटतात : मागे अन्ननलिका, पुढे स्वरयंत्र आणि त्याखाली श्वासनलिका. "इथे बोटं ठेवा आणि आवंढा गिळा," ते म्हणाले. कंठमण्याच्या जागी बोटांखालून काहीतरी टणक वर सरकलं आणि परत खाली आलं. गिळताना अख्खं स्वरयंत्र असं वर उचललं जातं, एपिग्लॉटिस नावाची कूर्चेची पाती त्यावर झुकते, स्वरतंतू घट्ट मिटतात आणि घास मागच्या वाटेने जातो. इतकी वर्षं मुलांना पचनसंस्था शिकवली, पण हे हाताला लागतं हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगितली आणि ती मी इथे तशीच लिहिते. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसून राहिला, तर औषधं बदलत बसायचं नाही, स्वरयंत्र डोळ्यांनी बघायचं. तंबाखू, मशेरी किंवा सिगारेट असेल तर आणखी लवकर. यातलं काहीही नसलं तरी बघायचंच.

म्हणून मी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात गेले. केसपेपर काढला, ओपीडीत नंबर लावला. तपासणीची मला धास्ती होती, पण ती फार वेळ चालत नाही. घशात बधिर करणारा कडू फवारा मारतात, थोड्या वेळाने घसा जाड झाल्यासारखा वाटतो आणि आवंढा गिळलेला कळत नाही. मग जीभ बाहेर काढायला सांगून डॉक्टर ती गॉजमध्ये धरतात आणि दुर्बीण आत घालतात. "आता लांब 'ई' म्हणा." जीभ धरलेली असताना 'ई' कसला निघणार! तरी तो प्रयत्न करायचा, कारण त्या प्रयत्नानेच स्वरयंत्र वर येतं आणि नीट दिसतं.

समोरच्या स्क्रीनवर मी माझे स्वरतंतू पाहिले. दोन पांढऱ्या, चकचकीत पट्ट्या. श्वास घेताना पुढे जुळलेल्या आणि मागे फाकलेल्या, 'ई' म्हणताच एकमेकींकडे येणाऱ्या. मग लुकलुकणारा दिवा लावला आणि तीच हालचाल संथ झाली, कडांवरून लाट जाताना दिसू लागली. साधं बोलतानाही बाईच्या आवाजात या पट्ट्या सेकंदाला साधारण 200 वेळा मिटतात आणि उघडतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसणं अशक्य, म्हणून हा लुकलुकता दिवा. डाव्या पट्टीची कड सरळ होती. उजवीच्या कडेवर, मध्याच्या जवळ, मुगाच्या दाण्यापेक्षा लहान, लालसर असा फुगवटा होता. त्यामुळे दोन्ही कडा पुरत्या मिळत नव्हत्या आणि उरलेल्या फटीतून हवा निसटत होती. माझ्या वरच्या षड्जाचं काय होत होतं, ते मला त्या स्क्रीनवर दिसलं.

स्वरयंत्र असं जिवंत माणसात बघण्याची वाट एका गाणं शिकवणाऱ्याने खुली केली. मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने 1854 मध्ये दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरून आणि सूर्यप्रकाश आत वळवून स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. पुढच्या वर्षी त्याने ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. हे मला नंतर कळलं आणि फार आवडलं. गाणाऱ्याला ही ओढ लागणारच.

डॉक्टरांनी निदान सांगितलं : पॉलिप. जोरात ओरडताना किंवा गाताना तंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि तिथे असा फुगवटा धरू शकतो. शिक्षकांना आणि गायकांना गाठीही होतात, त्यांना नोड्यूल म्हणतात. त्या बहुधा दोन्ही तंतूंवर समोरासमोर येतात आणि बऱ्याचदा नुसत्या आवाजाच्या व्यायामाने जिरतात. माझा पॉलिप एका बाजूचा आणि वाढलेला, म्हणून शस्त्रक्रिया ठरली. 'कॅन्सर' हा शब्द मी विचारायच्या आधी त्यांनीच काढला : दिसायला तसं काही नाही, पण काढलेला तुकडा तपासायला पाठवतोच. रिपोर्ट येईपर्यंतच्या रात्री मी नीट झोपले नाही. रिपोर्ट साधा आला.

शस्त्रक्रियेबद्दल थोडंच सांगते, कारण मी पूर्ण भुलीत होते. बाहेर कुठेही कापत नाहीत. तोंडातून पोकळ धातूची नळी घालून सूक्ष्मदर्शकाखाली बारीक हत्यारांनी काम करतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी दात हलवून पाहिले आणि मान मागे वाकते का ते बघितलं. जागी झाल्यावर घसा फारसा दुखला नाही, पण जीभ बधिर होती आणि काही दिवस खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीला धातूची चव होती. नळीचा दाब जिभेवर पडतो त्यामुळे असं होतं.

खरा कस पुढे लागला. सर्जननी आठवडाभर पूर्ण मौन सांगितलं. कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण जोर लावून कुजबुजताना स्वरयंत्र आवळलं जातं. खाकरायचंही नाही, कारण त्यात कडा एकमेकींवर जोरात आपटतात. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्यायचं आणि गिळायचं. आपण दिवसातून किती वेळा खाकरतो हे मला तेव्हा समजलं. घरात पाटी ठेवली. मी पाटीवर लिहिलं की धाकटी लेकही खडू घेऊन खाली उत्तर लिहायची. तिला बोलता येतं हे ती विसरूनच जायची. पसरकाराकडे, म्हणजे वाण्याकडे, चिठ्ठी न्यायची, फोन नवऱ्याने घ्यायचा. देवळात आरतीला उभी राहिले तर सगळे गात होते आणि मी ओठ मिटून. गळ्यावर हात ठेवला तेव्हा कळलं, मनातल्या मनात म्हणतानाही आतले स्नायू ताणले जात होते. त्यानंतर मौन संपेपर्यंत मी आरतीला गेले नाही. त्या दिवसांत काकी येऊन बसायच्या आणि एकट्याच बोलायच्या. किशोरीताई आमोणकरांचा आवाज पंचविशीत गेला होता, काही काळ गाणं बंद होतं, आणि मग काय गायल्या ते बघ, हे त्या मला पुन्हा पुन्हा सांगायच्या. मला ते रोज ऐकावंसं वाटायचं.

मग स्पीच थेरपी. पहिल्या दिवशी मॅडमनी 'स' आणि 'झ' लांबवायला लावले, बोटं कंठावर ठेवून. 'स'ला काही नाही, 'झ'ला कंप. अघोष आणि घोष. व्याकरणात मी ही वर्गवारी पाठ केली होती, इथे ती बोटांना लागली. पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत 'ऊ' म्हणायचा. त्याने वरून हलका दाब येतो आणि तंतू आदळल्याशिवाय जुळतात. ओठ मिटून 'म्म्म' धरायचा, नाकाच्या मुळाशी कंप जाणवेपर्यंत. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी मनात हलकासा 'ह' घ्यायचा, म्हणजे 'आई' म्हणताना गळ्यात ठोका बसत नाही. दिवसभर पाणी पीत राहायचं. हे पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ते मागच्या वाटेने जातं. पण शरीरात पाणी पुरेसं असलं तरच तंतूंवरचा ओलावा टिकतो. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, म्हणजे आम्ल वर घशात येत नाही. आमच्या घरी हे जमवायला सगळ्यांना वेळ बदलावी लागली.

शाळेत आता कमरेला छोटा स्पीकर आणि तोंडाशी माईक लावते. जूनमध्ये पत्र्यांवर पाऊस कोसळायला लागला की त्याच्याशिवाय शिकवायचं नाही असं ठरवलंय. तासाभराच्या सलग बोलण्यात तंतू लाखांच्या घरात वेळा आपटतात, हे मी सहकाऱ्यांनाही सांगते. भजनात पेटी काळी चारवरून काळी तीनवर आणली, म्हणजे सूर थोडा खाली घेतला, आणि त्याने मंडळातल्या आणखी काहीजणी मोकळ्या गायला लागल्या. मी एखादा अभंग पुढे म्हणते, बाकी वेळ साथीला बसते. गेल्या तपासणीत दोन्ही कडा सरळ आणि पूर्ण मिटणाऱ्या दिसल्या.

आमच्या शाळेतल्या एका बाईंचा आवाज शिगम्यापासून, म्हणजे होळीच्या सणापासून, बसलेला आहे आणि त्या अजून काढाच घेतायत. सोमवारी मी त्यांना घेऊन बांबोळीला जाणार आहे.