यॉर्कशायरचं इंग्लिश, महिना आठवा: 'चांगला'तल्या च नी सोडवलेला ट

उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरचे उच्चार शिकायलो त्याला आठ महिने झाले. त्यातलं बार्न्सली गावाच्या बाजूचं साउथ यॉर्कशायर धरलंय अन् तेच धरून ठेवलंय. मध्ये तिकडच्याच हल शहराचं ऐकायचा मोह झाला होता, तिकडं 'रोड'चा ओ पार 'रर्ड'च्या जवळ जातो, ऐकायला लई भारी, पण दोन गावचं एका तोंडात कालवलं की ते कुठल्याच गावचं राहत नाही म्हणून सोडून दिलं.

आधी जमलेलं सांगतो. ए आणि ओ. आमच्या परभणीच्या शाळेत आम्ही गेट, डे, रोड, कोट सगळं सरळ ए-ओ नी म्हणायचो, पुढं एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासला वर्षभर ते मोडून 'डेइ' अन् 'रोउड' करून घेतलं, चूक आहे म्हणून सांगितलं. अन् आता यॉर्कशायरची जुनी माणसं ऐकायलो तर त्यांचा ए सरळच, लांब, जीभ जागची हलत नाही! म्हणजे शाळेत होतं तेच परत आणायचं, फक्त लांबवायचं. पहिले तीन महिने माझे तो 'इ' अन् 'उ' काढून टाकण्यातच गेले.

कप-बसचा स्वर निम्मा जमलाय. उत्तर इंग्लंडात 'पुट' अन् 'कप' यांचा स्वर एकच, म्हणून कप तो कुप, बस ती बुस, लव्ह ते लुव्ह. दक्षिणेत सतराव्या शतकात हे दोन स्वर वेगळे झाले, उत्तरेत ते पोचलंच नाही. सुटे शब्द वाचताना बरोबर येतं पण बोलण्याच्या भरात 'सम', 'कम', 'मच' असे बारके शब्द निसटतात, त्यामुळं याद्या वाचणं बंद केलंय, आता आख्खी वाक्यंच.

आता ट. चार महिने ह्याच्यातच अडकलो होतो. आपला ट जीभ मागं वळवून टाळूला लागतो, त दाताला लागतो, अन् इंग्लिशचा टी दोघांच्या मधे, दाताच्या मागच्या हिरडीच्या उंचवट्यावर. सगळे सांगतात 'मधे लावा', पण मधे म्हणजे नेमकं कुठं ते जिभेला कळत नाही. मग एक दिवस आईनं चुलीपाशी बसून विचारलं, "चांगला झालाय का रे चहा?" अन् माझं लक्ष त्या 'चांगला'वर गेलं. चहातला च वेगळा, चांगलातला वेगळा. चांगला, चमचा, चाक, ह्या च ला जीभ बरोब्बर त्याच उंचवट्यावर टेकते! तेव्हापासून सराव असा: 'चांगला' म्हणायला सुरुवात करायची, जीभ टेकली की तिथंच थांबायचं, मागून येणारा 'स'सारखा वारा सोडायचा नाही अन् तिथूनच 'टेन', 'टॉप', 'टी' म्हणायचं. रोज वीस मिनिटं. डी ला 'जास्त'मधला ज तसाच घेऊन बघायलो, पण त्यात जीभ कधी कधी नीट टेकतच नाही, नुसती घासून जाते. ज्यांना ट चा त्रास आहे त्यांनी हे करूनच बघा.

तिकडं 'द' (the) गिळतात, म्हणजे 'टू द पब'मधल्या 'द'च्या जागी नुसता घसा बंद करायचा, ते खोकल्यावरून जमलं. खोकला यायच्या आधी घसा क्षणभर बंद होतो ना, तेवढंच, खोकायचं नाही.

यॉर्कशायरातल्या ब्रॅडफर्ड शहराला तिथले लोक 'ब्रॅटफर्ड' म्हणतात, हे कळल्यावर मी उडालोच. स्पर्धा परीक्षेवाल्यांनो, आपद् अधिक काल बरोबर आपत्काल, तेच की हे! पुढं कठोर व्यंजन आलं म्हणून द चा त झाला, तसा इथं ड चा ट. ह्या ब्रॅडफर्डजवळ १८५५ साली जोसेफ राइट जन्मला, लहानपणी गिरणीत कामाला, पंधरा वर्षांचा होईपर्यंत वाचता येत नव्हतं, अन् त्याच माणसानं १८९२ ला आपल्या विंडहिल गावच्या बोलीचं व्याकरण छापलं, पुढं ऑक्सफर्डला प्रोफेसर झाला. आपल्या 'करायलो-जायलो'चं असं कुणीतरी बसून करायला पाहिजे, मला मनापासून वाटतं.

व्ही-डब्ल्यूची परीक्षा पुतणी घेते. मी तिच्याकडं पाठ फिरवून वीस शब्द म्हणतो, ती वहीत लिहिते. पहिल्या महिन्यात अकरा बरोबर होते, आता सतरा. "काका, हे व्हेस्ट म्हणायलात का वेस्ट?" असं विचारलं की समजायचं, दात ओठाला टेकला नव्हता.

रेकॉर्डिंगचं मात्र अवघड आहे. उन्हाळ्यात कूलर बंद करवत नाही अन् चालू ठेवला तर प्राटमध्ये (आवाजाचं चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर) स्वराच्या पट्ट्या गढूळ दिसतात. लाईट गेली की फोन घेऊन माळवदावर पळतो, तेवढ्यात दोन मिनिटं स्वच्छ मिळतात.

राहिला र. वर्क, फार्म, कार यातला र बोलायचाच नाही, पुढं स्वर आला तरच. दर रविवारी दुपारी साडेतीनला, तिथं सकाळचे अकरा, बार्न्सलीच्या एका रिटायर्ड काकांशी बोलतो. ते म्हणाले तुझी बस आमची झाली, वर्क अजून तुझंच आहे. खरंय. मनात देवनागरीत रफार दिसतो अन् जीभ वळते. पुढचा महिना सगळा रफारालाच द्यायचा ठरवलंय.

त्यांच्याकडं जुनी माणसं जवळच्याला 'यू' न म्हणता 'दा' म्हणतात, आपल्या 'तू'सारखं. परवाच्या रविवारी काका पहिल्यांदा मला 'दा' म्हणाले. मी 'यू'च म्हणालो, ते अडुसष्ट वर्षांचे आहेत.