अल्ब्युमिनसमोरचा एल

संध्याकाळपासून तेच डोक्यात आहे. बाबांना जठराचा कर्करोग आहे. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) 3.1 वर बोट ठेवून विचारलं, "हा पुढे एल कशाला छापलाय?"

"कमी आहे म्हणून."

"किती हवं?"

"साडेतीन तरी."

त्यांनी कागदाची घडी केली, फाईलमध्ये ठेवली आणि बातम्या लावल्या. एवढंच झालं.

रात्री मी तो शोधनिबंध पुन्हा उघडला. जठराचा कर्करोग आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू आवरणारी यंत्रणा कमी पडली की ते पेशींच्या आवरणापासून डीएनएपर्यंत सगळ्याची नासधूस करतात. पोटात एच. पायलोरी हा जिवाणू ठाण मांडून बसला की सूज येते, आणि त्या सुजेतून हे रेणू वर्षानुवर्षं निघत राहतात. हे मोजायच्या खास तपासण्या आहेत, पण काही संशोधकांनी नेहमीच्याच रक्ततपासणीतले अल्ब्युमिन, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, एलडीएच (पेशींमधलं एक एन्झाइम) असे आकडे जोडून एक स्कोअर केलाय. अल्ब्युमिन स्वतःच हे रेणू टिपतं. बिलिरुबिनसुद्धा! आपण त्याला फक्त काविळीपुरतं ओळखतो.

किती रुग्ण किती काळ जगले हे दाखवणाऱ्या आलेखात स्कोअर वाईट असलेल्यांची रेषा लवकर खाली उतरते. मला बाकीचं पान दिसतच नाही, ती रेषाच दिसते. लोकांचे बाबा या वेळी सारसबागेत फेऱ्या मारून घरी आलेले असतील, आणि मी पीडीएफमध्ये माझे बाबा शोधत बसलेय. दादाचं बरं आहे, लांबून फोन केला की झालं. जाऊ दे.

पण अल्ब्युमिन कशानेही उतरतं. सुजेनं, यकृताच्या तक्रारीनं, खाणं तुटल्यानं. बाबा चार घास मऊ भात खातात आणि ताट सरकवतात. रेषा शेकडो माणसांची असते, त्यात बाबा कुठे आहेत हे तिला ठाऊक नाही. डॉक्टर अजूनही स्टेज, सीटी आणि ऑपरेशननंतर किती लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) बाधित निघतात यावरच बोलतात.

आत्या म्हणाली, "अगं, मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दे की." ऐकायला सरळ वाटतं. पण फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग घटायच्या ऐवजी वाढला. 1994 साली ते छापून आलं. केमो चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नाही. आत्याला वाईट वाटलं. तिचाही भाऊच आहे तो.

मघाशी बाबा पाणी प्यायला उठले तेव्हा म्हणाले, "उद्या अंडं दे, बघू जमतं का." मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. रेषेचं मी काही करू शकत नाही, अंड्याचं करू शकते.

सोमवारी आहारतज्ज्ञांना विचारायचं आहे, प्रोटीन पावडर कुठली आणि दिवसातून कितीदा. स्कोअरचंही डॉक्टरांना विचारीन. बाबा वजन करायला आत जातील तेव्हा.