थॉरचा ३३७ वा अंक

थॉर हे मार्व्हलचं कॉमिक. लेखक-चित्रकार वॉल्टर सायमनसन यांच्या थॉरचे सगळे मूळ अंक जमवायचे ठरवलं, तेव्हा बहुतेक अंक सहज मिळत गेले. इथे न्यू जर्सीत कॉमिकच्या दुकानांत लांबट पुठ्ठ्याची खोकी मांडलेली असतात. बोटाने एकेक अंक पुढे ढकलत राहिलं की दोन-चार डॉलरला हवा तो हाती लागतो. गाडी अडली ती ३३७ पाशी.

नोव्हेंबर १९८३ चा हा अंक, किंमत ६० सेंट. सायमनसन यांनी थॉर लिहायला इथून सुरुवात केली आणि बीटा रे बिल इथेच पहिल्यांदा आला. घोड्यासारख्या तोंडाचा हा परग्रहवासी थॉरचा हातोडा उचलतो. जो लायक असेल त्यालाच तो पेलेल, असं १९६२ पासून त्या हातोड्यावर कोरलेलं आहे, आणि इथे तो एका परक्याने पेलला! मुखपृष्ठावर तर बिल थॉरच्या नावाची अक्षरंच फोडताना दिसतो. संग्राहकांची या अंकावर उडी पडते ती म्हणून.

पहिली प्रत मी ऑनलाइन घेतली आणि फसलो. फोटो फक्त समोरचा होता. पाकीट उघडलं तर मधली दोन पानं पिनांमधून सुटून हातात आली. पैसे परत मिळायला तीन आठवडे लागले. त्यानंतर एक नियम केला: मागचं पान, मधल्या पिना आणि कणा, म्हणजे अंकाची घडीची कड, यांचे फोटो पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. कण्यावर केसाएवढ्या पांढऱ्या रेघा असतात. रंग तुटला असेल तर ती रेघ कायमची. रंग न तुटता नुसती घडी असेल तर ऊब आणि दाब देऊन ती सपाट करता येते. हा फरक डोळ्यांना शिकवायला मला दोन महिने लागले.

मुखपृष्ठावर खाली डावीकडे एक चौकोन असतो, तोही बघायचा. त्यात बारकोड असेल तर प्रत वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकलेली. स्पायडरमॅनचा चेहरा असेल तर ती कॉमिकच्या दुकानात गेलेली. तिथून न विकलेले अंक परत येत नसत, म्हणून बारकोडची गरज नव्हती. मला बारकोडवालीच हवी होती. फिरत्या स्टँडवर शंभर हात लागूनही जी प्रत चांगली उरली, तिचं मोल माझ्या लेखी जास्त आहे.

ती शेवटी एका मेळ्यात मिळाली. फ्लोरिडातल्या सॅरासोटाला सीजीसीकडे ग्रेडिंगला पाठवली. ही कंपनी प्रतीची अवस्था तपासून १० पैकी गुण देते. फॉर्मवर नाव, अंक, साल आणि आपण धरलेली किंमत लिहायची. प्रत पिशवीत, मागे पुठ्ठा, मग दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, आणि पार्सलचा विमा. टेप पिशवीवर चिकटवताना हात थरथरत होते. टेप मुखपृष्ठाला लागली तर सगळं संपलं. काही आठवड्यांनी प्लॅस्टिकच्या कडक पेटीत बंद होऊन ती परत आली: निळं लेबल, ९.२, पानं पांढरी. १० पैकी ९.२ म्हणजे मी कल्पना केली होती त्याहून वर.

त्याच सुमारास आई-बाबा कोल्हापूरहून आले होते. पेटीतला अंक बाबांनी उलटसुलट केला. "आता हा वाचायचा कसा?" मग मी त्यांना ३६२ वा दिला, खोक्यात स्वस्तात मिळालेला, ग्रेडिंग न केलेला. त्यात स्कर्ज आहे, आयुष्यभर चुकीच्या बाजूने लढलेला. मृतांची राणी हेला हिच्या राज्यातून माणसांचे आत्मे सोडवून सगळे परत निघालेत, फौज मागे लागलीय. पूल अडवून कुणीतरी मागे थांबायला हवं. थॉर थांबतो म्हणतो, तर स्कर्ज त्यालाच बेशुद्ध करून पुढे पाठवतो आणि बंदुका घेऊन ग्यालरब्रू पुलावर एकटा उभा राहतो.

बाबा इंग्रजी सावकाश वाचतात. पन्हाळा ते पावनखिंड ते तीनदा चालून गेलेत. त्या पानावर बोट ठेवून थांबले, चष्मा काढला.

"अरे, हा तर बाजीप्रभू."

मग पुन्हा चष्मा लावून पान उलटलं. "याला तोफांचे आवाज ऐकू येतात का शेवटी?"

"नाही बाबा. याच्यासाठी तोफा नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.