अजून तिथेच राहता?

पुण्याचे दीर, साताऱ्याची बहीण, परवा एका लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या बाई, सगळ्यांचं एकच: विश्वामित्री नदी घरात शिरते, तरी समा भाग सोडून का जात नाही? बडोद्यात दुसरीकडे घरं नाहीत का? आहेत हो. भाव विचारून बघा.

2019 च्या 31 जुलैला एका दिवसात 20 इंच पाऊस पडला, तेव्हा मीच तोऱ्यात म्हटलं होतं, पाणी येतं तसं जातं, मोठ्या शहरात एवढं चालायचंच. ती मी आज भेटले तर चार शब्द सुनावीन.

कारण ऑगस्ट 2024. वन्सं गावातच, पण चढावर राहतात. दोनदा फोन केला, आईंना आमच्याकडे आणून सोड. मी म्हटलं, काळ्या घोड्याच्या पुलाशी नदीची भयजनक सपाटी, म्हणजे धोक्याची पातळी, 26 फुटांवर, बघू. नदी 35 फुटांच्या वर गेली. मी दाराला वाळूची पोती लावून बसले होते आणि पाणी आलं मोरीतून. आधी गुडगुड, मग जाळीतून झुरळं, मग काळं पाणी. रात्री दोनला पिठाचा डबा तरंगत हॉलमध्ये आला. चौऱ्याऐंशीच्या सासूबाईंना शेजारच्या पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून वरच्या बेनकडे नेलं. जिन्यात त्या हळूच म्हणाल्या, "सांगत होते गं तुला."

मग दोन दिवस बोलल्या नाहीत. वीज नाही, बेन दोन्ही वेळा खिचडी करायच्या. रस्त्यावर मगर आली म्हणून सगळे गॅलरीत धावले. आम्ही दोघी आत, एकमेकींकडे पाठ करून.

पाणी ओसरल्यावर मीच म्हटलं, विकून टाकू. दलालाने भिंतीवरची मातकट रेघ वितीने मोजली आणि जो आकडा सांगितला, त्यात चढावर दोन खोल्याही येत नाहीत. म्हणजे पैशाचं कारण खरं आहे. पण पुरतं नाही, कारण कर्ज काढायला यजमान तयार होते. अडवलं सासूबाईंनी. "मी इथून हलणार नाही." त्यांच्यामागे लपणं मला सोयीचं पडलं, हेही खरं.

2025 मध्ये नदी खोल केली, रुंद केली. दीर म्हणाले, आता झालं ना! मी सुताराकडून मोरीला लाकडी बूच करून घेतलंय. जरा सैल बसतं.