चालण्याचे खाडे

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यात चतुर्थी-एकादशी बघायची ती सासूबाईंनी. मी बघते दुधाचे खाडे. दूधवाला ज्या दिवशी आला नाही, त्या चौकोनात एक बारीक फुली. आला त्या दिवशी काही लिहायचं नाही. महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या आणि तेवढे पैसे कापायचे. २०२४ च्या फेब्रुवारीपासून त्याच चौकोनांत लाल पेनाच्या फुल्या दिसायला लागल्या. त्या माझ्या.

मी धुळ्यात, देवपुरात राहते. घरीच ब्लाऊज शिवते. वीस वर्षं मशीनवर बसून काढली. वय तेव्हा ४४. सासूबाईंचं रक्त तपासायला लॅबचा मुलगा घरी आला होता, तर ‘माझंही घेऊन टाक’ म्हणाले. एवढ्यावर सगळं सुरू झालं. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेचा सरासरी आकडा, आला ६.३. ५.७ ते ६.४ म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर, डॉक्टर म्हणाले. वजन ७४.२ किलो, उंची पाच फूट एक इंच. माझ्या वडिलांच्या पायाचं बोट शुगरमुळे काढावं लागलं होतं आणि त्यांची पट्टी मीच बदलायचे. त्यामुळे मला फार समजावून सांगायची गरज पडली नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी चालायला लागले. काय तो उत्साह! ओट्सचा डबा आला, ग्रीन टी आला, वजनकाटा आला. एका ओळखीच्या बाईंनी कसलीशी पावडर गळ्यात मारली. ती आठवडाभर घेतली आणि मग डबा तांदळाच्या पिंपामागे सरकवला. पैसे किती गेले ते यांना अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी काट्यावर उभी राहायचे. तीन आठवड्यांनी काटा म्हणाला, ७३.९.

तीनशे ग्रॅम! वाण्याकडे तीनशे ग्रॅम शेंगदाणे मागितले तर तो वर मूठभर घालतो.

मी धाकटीवर चिडले, ती त्या वेळी बारावीला होती. तिने वहीत हिशेब मांडून माझ्यापुढे ठेवला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. माझ्या वजनाच्या बाईने पाऊण तास बरं चाललं तर जळणार दीड-दोनशे. म्हणजे खाण्यात काडीचा बदल न करता, एकही दिवस न चुकता चालले, तर एका किलोला सव्वा ते पावणेदोन महिने. आणि मी तर तीन आठवड्यांत सहा दिवस चुकवले होते. “आई, तुझा काटा बरोबरे,” ती म्हणाली, “तुझी घाई चुकीची आहे.” पोरगी हुशार आहे, पण तोंडाने फटकळ. आमच्याच घरातली.

त्याच दिवसांत मी कॅलेंडरवर चालल्याच्या दिवशी बरोबरची खूण करत होते. पाच खुणा लागोपाठ आल्या की छान वाटायचं. मग पाहुणे यायचे, दोन दिवस जायचे आणि ते रिकामे चौकोन बघून तिसऱ्या दिवशीही पाय निघायचा नाही. एकदा दुधाचा हिशेब करताना वाटलं, दूधवाला आला म्हणून आपण कधी खूण करतो का? तो येणारच, हे धरलेलं असतं. मग माझ्या चालण्याचं एवढं कौतुक कशाला? त्या दिवसापासून खुणा बंद. फक्त खाडे मांडायचे, आणि फुलीशेजारी एका शब्दात कारण.

फेब्रुवारीत तेरा खाडे निघाले. मी समजत होते, मी आळशी आहे. घरातही सगळे तेच समजत होते. पण कारणं वाचली तर ‘कंटाळा’ दोनदाच. ‘पाहुणे’ दोनदा. ‘जिजी आजारी’ एकदा. आणि आठ वेळा ‘शिलाई’. लग्नसराईचे ब्लाऊज! बायका हळदीच्या आदल्या दिवशी कापड घेऊन येतात. मग रात्री बारा-एकपर्यंत मशीन, सकाळी साडेपाचला डोळा कसा उघडणार? म्हणजे दुखणं मनाचं नव्हतं, रात्रीचं होतं. मार्चपासून अर्जंट काम घेणं बंद केलं आणि रात्री नऊ वाजता मशीन कापडाने झाकून टाकायला लागले. दोन गिऱ्हाइकं तुटली, त्यातली एक रागाने. मार्चचे खाडे नऊ.

या जिजी म्हणजे आमच्या शेजारच्या. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्याने बेजार. डॉक्टरांनी त्यांना हळूहळू चालायला सांगितलं होतं आणि त्यांना सोबत हवी होती. घरापासून एकवीरा देवीच्या देवळापर्यंत जायचं, पांझरा नदीकडे बघत दोन मिनिटं टेकायचं आणि परत. पहिले काही दिवस मला त्यांचा रागच यायचा. दर दहा पावलांना कोणीतरी ओळखीचं भेटणार, मग सुनेचं गाऱ्हाणं. यात कसला व्यायाम? शेवटी तोड काढली. त्या देवळाशी बसायच्या, मी पुढे भराभर दोन फेऱ्या मारून यायची आणि परतताना बरोबर यायचो. पण खरं सांगायचं तर थंडीत मला अंथरुणातून उठवलं ते त्यांच्या काठीने. पावणेसहाला फाटकावर काठी वाजायची. नाही गेले तर दुसऱ्या दिवशी गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज: “का व, काल उनी नही?” उत्साह तर फेब्रुवारीतच आटला होता. लाज मात्र बारा महिने पुरली.

आता खाण्याचं. ओट्स आठ दिवस टिकले. सासूबाई त्याला ‘खळ’ म्हणाल्या, आणि खोटं कशाला बोलू, तशीच लागायची. आहाराचं आमच्याकडचं खरं भांडण एकच आहे, तेल. खान्देशी खिचडी म्हणजे तूरडाळीची, आणि ताटात आल्यावर वरून शेंगदाण्याचं तेल. चमच्याने नाही, किटलीची धार. भरीत करायचं तर तेल दिसलं पाहिजे. शेवभाजीला तर्री नसेल तर पाहुणा मनात म्हणतो, हात आखडला. मी महिन्याचं तेल मोजलं. पाच माणसांना सात लिटर लागत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं माणशी पाऊण लिटरच्या आत, म्हणजे पावणेचार. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. धार धरली की तीन चमचे सहज जातात. सकाळचं सगळं चालणं आणि वर जवळजवळ तेवढंच, असं संध्याकाळच्या एका ताटात ओतलं जात होतं.

खिचडीवर तेल नाही म्हटल्यावर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. “मग ती आजाऱ्याचीच खिचडी!” शेवटी तह झाला. किटली ओट्यावरून हलली, तिच्या जागी छोटी वाटी आणि चहाचा चमचा आला. सासूबाईंना त्यांचं हवं तेवढं, कारण त्यांची साखर आणि चरबी दोन्ही माझ्यापेक्षा चांगली आहेत. हा अन्याय मी देवीपुढे रोज मांडते. बाकीच्यांना माणशी दोन चमचे. आणि तेल कढवून त्यात लसूण चांगला लाल करायचा, लाल मिरची टाकायची. मग दोन चमच्यांचाही वास घरभर सुटतो. चार महिन्यांत सात लिटरचे साडेचार झाले. त्याखाली अजून गेले नाहीत.

मग लक्षात आलं, बाहेरून काही आणायची गरजच नव्हती. फुणके आहेत. तूरडाळ भिजवून भरडायची, हिरवी मिरची-लसूण घालायचा, मुटके करून वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे. वरून तेलाची धार धरली नाही तर यापेक्षा चांगलं प्रोटीन कुठलं? कळण्याची भाकरी आहे, त्यात ज्वारीबरोबर सालीसकट उडीद असतात. फक्त भाकरीचा आकार. आमच्याकडे भाकरी ताट झाकेल एवढी थापतात. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. ‘ज्वारी आहे, कितीही खा’ असं म्हणणाऱ्यांनी माझं पहिल्या दोन महिन्यांत फार नुकसान केलं. आता एक भाकरी, आणि वाटीभर जास्तीची भाजी आधी.

एप्रिलमध्ये परत रक्त तपासलं. ६.२. मला रडूच आलं. महिन्या-महिन्याला तपासायचा माझा विचार होता, तो डॉक्टरांनी मोडून काढला. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि हा आकडा म्हणजे त्यांच्यावर चढलेल्या साखरेचा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब. म्हणजे माझ्या रक्तात अजून फेब्रुवारीचे तेरा खाडे फिरत होते. वर त्यांनी हेही सांगितलं, की चालण्याचं सर्वसाधारण प्रमाण आठवड्याला १५० मिनिटं असतं, म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. मी घरी येऊन हिशेब केला. महिन्याला आठ खाडे माफ! मी उगाच एकेका फुलीसाठी झुरत होते.

मे महिना वाईट गेला. धुळ्याचं ऊन सांगायला नको. सकाळी सातला रस्ता तापायला लागतो. आम्ही पाचला निघायला लागलो. त्यात १० मेला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. माहेरी दोन दिवस खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सांजोऱ्या. आखाजीला माहेरी जाऊन मोजून खाणारी लेक मी अजून बघितलेली नाही. परत आले तर वजन ७३.६, मार्चअखेरीपेक्षा आठशे ग्रॅम जास्त. धाकटीने पुन्हा वही काढली. आठशे ग्रॅम चरबी चढायची तर दोन दिवसांत सहा हजारांवर कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील. ते तुलाही जमणार नाही, म्हणाली. बरंचसं पाणी होतं. गोडधोडातली साखर अंगात साठते ती आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवते, वर पापड-लोणच्याचं मीठ. खरंच, आठवड्याभरात अर्धा किलो आपोआप उतरलं. त्यानंतर मी रोज काट्यावर चढणं सोडलं. महिन्यातून एकदा, एक तारखेला.

पण मेमधलं खरं संकट टाचेचं. सकाळी पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. चार महिने मी घरातल्या रबरी स्लिपरवर चालत होते, बूट म्हणजे पोरांचं असं वाटायचं. जवळजवळ दोन आठवडे चालणं बंद. बाटलीत पाणी गोठवून ती पायाखाली फिरवायची, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. आग्रा रोडवरून बूट आणले. साडीवर बूट घालून गल्लीतून निघाले तेव्हा ओट्यावरच्या बायका बघून हसल्या. दोघींनी नंतर दुकानाचं नाव विचारलं. त्या दोन आठवड्यांत खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं सुरू केलं, दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. ते अजून चालू आहे. मेचे खाडे सतरा, पण बाराच्या पुढे ‘टाच’ लिहिलेलं आहे, म्हणून मी ते मनावर घेतले नाहीत.

जूनमधली गोष्ट. एका लग्नासाठी जुना मोरपंखी ब्लाऊज काढला. शिवणाऱ्या बाईला आपल्या अंगाचा इतिहास ब्लाऊजच्या आतल्या बाजूला वाचता येतो. आत माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, ठेवलेली असते. गेली दहा वर्षं मी दर एक-दोन वर्षांनी एक टीप उसवून माया सोडत आले होते, त्या ब्लाऊजमध्ये सोडायला आता काही उरलं नव्हतं. घालून बघितला तर कडेला चिमटीत कापड आलं. मेजरटेप लावला. दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच. मशीनवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या ब्लाऊजला आतून टीप मारली. काटा त्या महिन्यात ७२.४ दाखवत होता, म्हणजे पाच महिन्यांत दोन किलोही नाहीत. कंबर मात्र ९८ सेंटिमीटरची ९५ झाली होती. घरात कुणालाच काही दिसलं नव्हतं. यांना तर नाहीच. जिजींना विचारलं, काही फरक वाटतो का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तू ते तशीच शे व. पन मना गुडघा बरा शे.”

पुढचं सगळं साधंच आहे. पावसाळ्यात छत्री घेऊन. श्रावणातल्या कानबाईच्या सणाला तीन खाडे. ऑगस्टमध्ये एचबीएवनसी ५.९. दिवाळीनंतर वजन ७०.१. दिवाळीत चार दिवस फराळ केला, खाल्ला, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पावणेसहाला काठी वाजली. जानेवारीत ५.८, म्हणजे अजून उंबरठ्यावरच आहे, पण दाराच्या बाहेरच्या बाजूला सरकले. ‘अजून एक वर्ष असंच,’ डॉक्टर म्हणाले. असंच म्हणजे काय ते मला कळलं.

आज फेब्रुवारी २०२५ ची अकरा तारीख. वजन ६९.३. तेरा महिन्यांत चार किलो नऊशे ग्रॅम, म्हणजे लॅबच्या जाहिरातीत छापण्यासारखं काही नाही. जिजी मुलाकडे नाशिकला गेल्यात, होळीला येतील. मोबाइलचा गजर लावून बघितला, तो मी झोपेतच बंद करते, म्हणून यांना सांगितलंय, पावणेसहाला फाटकाची कडी वाजवा. ते वाजवतात आणि परत जाऊन झोपतात.

या महिन्यात आतापर्यंत दोनच खाडे. एका फुलीसमोर ‘ताप’. दुसरी परवाची, नऊ तारखेची. आदल्या रात्री माहेरच्या मळ्यात भरिताची पार्टी होती. तुराट्यांवर भाजलेली वांगी, कांद्याची पात, ओंजळभर शेंगदाणे, आणि तेल भावाने ओतलेलं, म्हणजे मोजमाप नाही. मी कळण्याच्या दोन भाकरी खाल्ल्या. तिसरीचा तुकडा मोडला होता, तो भाचीला दिला. फुलीशेजारी लिहिलंय, ‘भरीत’.