ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशीची पहिली शिफ्ट

शिकागोहून मिशिगन तलावाच्या काठाकाठाने येणारी लोकल केनोशाला संपते. गाव विस्कॉन्सिन राज्यात, म्हणजे नकाशाप्रमाणे ग्रीन बे पॅकर्सच्या मुलखात. पण शिकागो बेअर्सचे भक्तही इथे गल्लोगल्ली. अमेरिकन फुटबॉलमधल्या या दोन संघांचं वैर १९२१ पासूनचं. एकाच घरात नवरा पॅकर्सच्या हिरव्या-पिवळ्या जर्सीत आणि बायको बेअर्सच्या निळ्या-नारिंगीत, असं मी स्वतः पाहिलंय.

मी मूळची मिरजेची, नर्सिंगही तिथेच केलं. आता इथल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये असते; सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहिली शिफ्ट. पहाटे साडेपाचला पहिला पेशंट मशीनवर जातो. चार तास एकाच खुर्चीत, एका हातात दोन सुया, आणि तो हात हलवायचा नाही. आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं, आजूबाजूच्या खुर्च्यांत बहुधा तीच माणसं. काही जण पांघरूण डोक्यावर घेऊन झोपतात, काही टीव्हीकडे नुसते डोळे लावून बसतात. म्हणून जो पेशंट तावातावाने भांडतो तो मला फार मोलाचा वाटतो. त्याला उद्यात रस आहे, एवढं तरी नक्की कळतं.

असे दोघं आमच्याकडे समोरासमोर बसतात. नावं सांगत नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. बेअर्सवाले आजोबा पूर्वी इथल्या मोटारींच्या इंजिनांच्या कारखान्यात होते. २०१० मध्ये तो कारखाना बंद झाला आणि गावातले बरेच जण घरी बसले, त्यातले ते. पॅकर्सवाल्या आजी शाळेत शिकवायच्या. पॅकर्सचा कुणी एक मालक नाही, लाखो सामान्य लोकांकडे संघाचे शेअर आहेत. त्यावर लाभांश मिळत नाही, तो विकून नफाही कमावता येत नाही. आजींकडे असा एक शेअर आहे आणि त्याचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात फ्रेम करून लावलंय. "मी मालकीण बोलतेय," अशी त्यांच्या वादाची सुरुवात असते.

शुक्रवार, २५ एप्रिल २०२५. आदल्या रात्री ड्राफ्टची पहिली फेरी झाली होती आणि तीही खुद्द ग्रीन बेमध्ये, पॅकर्सच्या लॅम्बो फील्ड या मैदानाच्या दारात. जेमतेम लाखभर वस्तीच्या त्या गावात तीन दिवसांत काही लाख लोक येऊन गेले. आजींचा नातू त्या गर्दीत होता.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी थोडं सांगते. इथे बोली नसते. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू ३२ संघ पाळीपाळीने निवडतात, एकूण सात फेऱ्यांत, आणि गेल्या मोसमात जो तळाला त्याची पाळी आधी. ही कल्पना बर्ट बेल यांची. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक, संघ सारखा हरायचा आणि चांगले खेळाडू बलाढ्य संघांकडेच जायचे. १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. हरणाऱ्याला आधी निवडू द्यायचं ही रीत मला मनापासून आवडते. पैशांवर चालणाऱ्या खेळात एवढी समज टिकून राहिली याचं कौतुक वाटतं. त्या पहिल्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू जे बर्वँगर, शिकागो विद्यापीठाचा. ईगल्सने त्याचे हक्क बेअर्सना दिले, पैशांवरून जमलं नाही आणि तो या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. आजोबा ही गोष्ट दर एप्रिलला सांगतात. बेअर्सच्या नशिबाचे भोग तेव्हापासूनचे, असं त्यांचं ठाम मत.

त्या पहाटे ते आले ते चिडूनच. वजन केलं तर ड्राय वेटपेक्षा, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, सव्वाचार किलो जास्त. बुधवार ते शुक्रवार दोनच दिवसांत एवढं वजन म्हणजे सगळं पाणी. विचारलं तर म्हणाले, मुलाकडे सगळे ड्राफ्ट बघायला जमले होते, खारे चिप्स होते, मग तहान लागली, मग बिअर. झोप दोन-तीन तास. लपवाछपवी काही नाही. मी नेफ्रॉलॉजिस्टच्या (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांच्या) ऑर्डरप्रमाणे मशीनवर पाणी काढण्याचा आकडा लावला. त्यांच्या वजनाच्या मानाने तो मर्यादेत होता, पण वरच्या बाजूचा.

त्यांच्या डाव्या दंडात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेली धमनी आणि शीर. त्यावर बोटं ठेवली की आत रक्ताची थरथर लागते, मांजर घुरघुरताना तिच्या पाठीवर हात ठेवावा तशी. सुई घालण्याआधी मी ती नेहमी नीट बघते. त्या दिवशी आजोबा दंड माझ्या हातात देऊन उजवा हात हवेत फिरवत होते, आणि मला दोनदा सांगावं लागलं, "आजोबा, लव्हलँडला एक मिनिट सोडा." (मी त्यांना खरंच आजोबा म्हणते. अर्थ विचारून घेतला आणि तेव्हापासून दुसरं काही म्हटलेलं त्यांना चालत नाही.)

तर लव्हलँड. बेअर्सची पाळी दहावी होती. त्यांचा तरुण क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) केलेब विल्यम्स, २०२४ च्या ड्राफ्टमधला अगदी पहिला खेळाडू. पहिल्याच मोसमात तो चेंडू हातात असताना ६८ वेळा आडवा केला गेला. त्यामुळे आजोबांचं म्हणणं, त्याच्यापुढे भिंत उभी करणारे धिप्पाड गडी आणा, नाहीतर धावपटू ॲश्टन जेन्टी आणा. पण गडी चौथ्या आणि सातव्या क्रमांकावर गेले, जेन्टीला सहाव्या क्रमांकावर लास व्हेगास रेडर्सने नेलं, आणि बेअर्सने घेतला मिशिगन विद्यापीठाचा कोल्स्टन लव्हलँड. टाइट एंड, म्हणजे समोरच्याला अडवायचंही आणि वेळ आली की चेंडू झेलायचाही. आता त्या जागेवर बेअर्सकडे कोल केमेट २०२० पासून होताच. शिवाय पेन स्टेटचा टायलर वॉरन तेव्हा शिल्लक होता. बऱ्याच जणांना तोच जास्त तयारीचा वाटत होता, आणि तो चौदाव्या क्रमांकावर इंडियानापोलिस कोल्ट्सकडे गेला.

माझ्यापाशी आजोबांनी हे सगळं रागारागाने सांगितलं. समोरच्या खुर्चीत आजी मशीनवर चढल्या आणि त्यांनी नेमका तोच मुद्दा काढला, तेव्हा मात्र आजोबा पालटले.

"एक टाइट एंड घरात असताना दुसरा? दहाव्या नंबरला?"

"बेन जॉन्सन नवा कोच आहे आमचा. डेट्रॉईटला असताना त्याने तिथल्या टाइट एंडचं, लापोर्टाचं, काय केलं बघितलंस ना? त्याला माहितीये त्याला काय हवंय."

फुटबॉलच काय, कुठल्याही भक्ताचं असंच असतं. आपल्या संघाला आपण शिव्या घालू. शेजारच्याने तोंड उघडलं की आपण वकील. मला यात ढोंग दिसत नाही, माया दिसते.

आजींचाही दिवस मोठा होता. पॅकर्सने पहिल्या फेरीत रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन चेंडू झेलणारा, घेतला नव्हता तो २००२ पासून. ॲरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक असताना लोक वर्षानुवर्षं मागत राहिले आणि २०२० मध्ये संघाने रिसीव्हरऐवजी आणखी एक क्वार्टरबॅक घेतला, जॉर्डन लव्ह. आता लव्ह मुख्य झाला, जानेवारीत बेअर्सविरुद्धच्या सामन्यात रिसीव्हर क्रिस्टियन वॉटसनचा गुडघा गेला, आणि अखेर तेविसाव्या क्रमांकावर टेक्सासचा मॅथ्यू गोल्डन आला. ४० यार्ड ४.२९ सेकंदांत पळणारा. निवृत्तीला आलेले संघाचे अध्यक्ष मार्क मर्फी यांनी स्वतः मंचावर येऊन नाव घोषित केलं. नातवाने पाठवलेला व्हिडिओ आजींनी मला मोकळ्या हाताने फोन धरून दाखवला. नुसता गलका, आवाज कमी करावा लागला.

"गोल्डन ठीक आहे," आजोबा म्हणाले, "पण कॉर्नरबॅक कुठाय तुमचा? समोरच्या रिसीव्हरला कोण धरणार?"

"दोन फेऱ्या आज रात्री आहेत, धीर धर."

"आणि ५ जानेवारी विसरू नकोस."

५ जानेवारीला बेअर्सने लॅम्बोवर पॅकर्सना २४-२२ हरवलं होतं, शेवटच्या क्षणी कैरो सँटोसच्या ५१ यार्डांच्या किकवर. त्याआधी बेअर्स पॅकर्सकडून सलग ११ सामने हरले होते. नोव्हेंबरमध्ये याच सँटोसची शेवटची किक पॅकर्सने हाताने अडवली होती. त्यामुळे आजोबांसाठी तो एक विजय सबंध मोसमाएवढा आहे.

हॉलमधले इतरही बोलू लागले. कुणी वर्तमानपत्रातल्या ग्रेड वाचून दाखवल्या. निवड झाल्यावर एका रात्रीत संघांना अ, ब, क अशा श्रेणी देतात, ते मला अजिबात पटत नाही आणि मी तसं बोलले. रॉजर्स २००५ मध्ये चोविसावा निवडला गेला आणि तीन वर्षं बाकावर बसला. लव्हही तीन वर्षं बसला. टॉम ब्रॅडी १९९ वा होता, आणि पुढे सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक ठरला. उलट २०१७ मध्ये बेअर्सने दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्कीला घेतलं, तो टिकला नाही, आणि दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्स नेला, तो पुढे विजेता ठरला. हे शेवटचं उदाहरण मी आजोबांसमोर द्यायला नको होतं असं कुणी म्हणेल, पण ते स्वतःच ते सगळ्यात आधी देतात.

साधारण अडीच तास झाले असतील. मी कोपऱ्यातल्या खुर्चीशी एका नव्या पेशंटच्या सुया लावत होते, पाठ हॉलकडे. आजींनी डाव टाकला, "लव्हलँडच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय ना जानेवारीत? तुटका माल घेतलात तुम्ही."

उत्तर आलं नाही. दोन-तीन सेकंद गेले असतील. मग आजींचा आवाज, तो शाळेतला, अख्ख्या वर्गाला ऐकू जाणारा, "सिस्टर! तो उत्तर देत नाहीये!"

टेक्निशियन सगळ्यात जवळ होता, तो धावला. मी पेशंटच्या सुया टेपने पक्क्या करून पोहोचले तेव्हा आजोबांचा चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, डोळे अर्धे मिटलेले. मशीनचं बीपी आपोआप घेण्याला अजून काही मिनिटं होती. हाताने लावलं तर ७८ वर ४०. पाणी काढणं बंद केलं, खुर्ची मागे पाडून पाय वर केले, २०० मिली सलाइन दिलं. ऑक्सिजन लावला, शुगर बघितली, ती ठीक होती. बीपी ९० च्या आसपास आलं, पुन्हा थोडं सलाइन. नेफ्रॉलॉजिस्टना फोन. हे सगळं आम्ही रोज करण्याच्या तयारीत असतो. डायलिसिसमध्ये बीपी पडणं नवं नाही. पण पडायला लागलेला माणूस बेशुद्ध होण्याआधी सापडणं आणि नंतर सापडणं यांत किती फरक पडतो, हे हृदयविकार असलेल्या पेशंटच्या बाबतीत मी सांगायला नको. आजोबांना स्टेंट आहे.

हॉलमध्ये कुणी बोलत नव्हतं. आजी खुर्चीतून पुढे वाकायला बघत होत्या आणि त्यांच्या मशीनचा अलार्म वाजू लागला, तेव्हा मी लांबूनच ओरडले, "हात सरळ ठेवा!"

शुद्ध नीट आली का ते बघायला आम्ही नाव, जागा, तारीख विचारतो. आजोबांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मान वळवून समोर म्हणाले, "सप्टेंबरपर्यंत खांदा बरा होतो." मग मी विचारलेलं नाव, जागा, तारीख सगळं बरोबर सांगितलं. आजींनी चष्मा काढून डोळे पुसले. "बरा होवो," एवढंच म्हणाल्या, आणि पॅकर्सच्या बाईने बेअर्सच्या खेळाडूला दिलेला तो पहिलाच आशीर्वाद असणार.

त्या दिवशी राहिलेलं पाणी आम्ही काढलं नाही. शनिवारी एक जास्तीची छोटी खेप घेतली. सकाळची बीपीची गोळी डायलिसिसच्या दिवशी नंतर घ्यायची, असं डॉक्टरांनी बदलून दिलं. आहारतज्ज्ञांनी मिठाबद्दल मुलाशीही फोनवर बोलून घेतलं. शिफ्ट बदलताना मी पुढच्या नर्सला सांगितलं आणि फाइलमध्येही लिहिलं: पेशंट एरवी सतत बोलतो, गप्प झाल्यास लगेच बीपी घ्यावे. बीपी पडण्याच्या खुणांमध्ये आम्हाला जांभई, घाम, पोटऱ्यांत गोळे हे शिकवतात. या माणसाची खूण वेगळी आहे आणि ती त्याच्या प्रतिस्पर्ध्याने ओळखली. एखाद्याशी रोज भांडायचं म्हणजे त्याचं म्हणणं शब्दन् शब्द ऐकावं लागतं. दया दाखवणारे शेजारी झोपून गेले असते.

सोमवारी आजोबा दोनच किलो जास्त घेऊन आले, खिशात बेअर्सच्या आठही खेळाडूंची यादी. दुसऱ्या फेरीतला ३९ वा लूथर बर्डन पहिल्या फेरीच्या तोडीचा आहे, यावर आजींनीही फार वाद घातला नाही. पण आजोबांनी कॉर्नरबॅकचं काढलं: पॅकर्सने घेतला तो थेट शेवटच्या फेरीत, २३७ वा. आजी तयारीत होत्या: "आणि तुमचा धावपटू? २३३ वा. तोही शेवटच्याच फेरीत." शेड्यूर सँडर्सवर मात्र दोघांचं एकमत झालं. पहिल्या फेरीत जाईल असं सगळे म्हणत होते, तो पोरगा पाचव्या फेरीत १४४ वा गेला, तोही क्लीव्हलँडला, ज्यांनी आधीच एक क्वार्टरबॅक घेतला होता. त्याला भर टीव्हीवर तीन दिवस ताटकळत बसावं लागलं याचं दोघांनाही वाईट वाटलं, आणि मलाही.

मे २०२५ मध्ये पुढच्या मोसमाचं वेळापत्रक आलं. त्यात बेअर्स-पॅकर्सचे दोन्ही सामने डिसेंबरमध्ये होते, पहिला ७ तारखेला लॅम्बोवर. तो रविवार. ८ डिसेंबरच्या सोमवारची पहिली शिफ्ट मी तेव्हाच मागून घेतली.