पाटी, पोळपाट आणि पाकीट

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांमध्ये लिफ्टमधून बाहेर पडलं की सगळी दारं सारखी. तेच लॅमिनेट, तीच कडी, तीच बेल. बिल्डरने दिलेलं दार बदलायला सोसायटी सहजी परवानगी देत नाही, त्यामुळे घरमालकाची सगळी हौस उतरते ती नावाच्या पाटीवर. माझ्या लाकूडकामाला पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक मिळालं ते अशाच एका पाटीमुळे. पाटी मी भाचीला वास्तुशांतीला दिली होती. फुकट, अर्थातच.

भाची ‘मावशी, मस्तच!’ म्हणाली आणि चहा टाकायला गेली. तिचं काम तिथे संपलं. पाटीबद्दल विचारलं ते समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी. स्वतःचं पार्सल न्यायला आल्या होत्या, बेल वाजवून दार उघडेपर्यंत त्यांना अक्षरांवरून बोट फिरवायला सवड मिळाली. तेव्हापासून बघत आले आहे, आपण ज्याला भेट देतो तो सहसा गिऱ्हाईक होत नाही. होणार तरी कसा? एकदा फुकट मिळालेल्या वस्तूचा भाव विचारायला त्याला अवघड वाटतं आणि सांगायला मला. पैसे देतो तो तिसराच. त्याचं आपलं नातं नसतं, पण वस्तूला त्याचा हात लागलेला असतो. म्हणून भेट ठरवताना मी हल्ली थोडा स्वार्थी विचारही करते. ती घरच्यांना उपयोगी पडायला हवीच, पण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेलाही पडायला हवी. बेडरूमच्या कपाटातला सुबक दागिन्यांचा डबा कितीही मन लावून करा, तो मुका राहतो.

पाटीच्या बाबतीत आपली देवनागरी सुताराला फार धार्जिणी आहे. रोमन अक्षरं कापली की प्रत्येक अक्षर सुटं होतं, मग ती पट्टी लावून एका ओळीत चिकटवत बसा. आपल्याकडे शिरोरेषा असते. ‘देशपांडे’ एका फळीतून बारीक पात्याच्या करवतीने कापले तर अख्खे देशपांडे एकत्र हातात येतात, फक्त ‘पां’वरचा टिंब तेवढा निसटतो आणि फरशीवर घरंगळतो. अनुस्वार वेगळा करून काडीवर बसवावा लागतो. ‘जोशी’ सोपे. ‘गोगटे’ नाजूक, कारण ‘ग’चा डावा पाय नुसता रेषेला लोंबकळत असतो, पातं जरा जोरात ओढलं की तुटलाच. सावंत, शिंदे, कुलकर्णी अशी आडनावं ऐकली की माझ्या मनात आधी करवत चालायला लागते. ओळख वगैरे नंतर.

लाकूड मिळतं ते आमच्या नौपाड्यातूनच. इथल्या जुन्या तीनमजली इमारती एकामागून एक रीडेव्हलपमेंटला जाताहेत. पाडकामातून निघालेल्या चौकटी, खिडक्या, जिन्याचे कठडे वखारीत येऊन पडतात, आणि त्यात कधीकधी असं सागवान सापडतं की नव्या सागाला त्याची सर नाही. वर्षानुवर्षं वाळलेलं असल्यामुळे ते नव्या ओलसर फळीसारखं वाकत, तडकत नाही. वर तेलरंगाचे थर असतात. सगळ्यात आत हिरवा, त्यावर चॉकलेटी, त्यावर क्रीम. त्या घरातल्या लग्नकार्यांचा हिशेबच तो. रंधा मारण्याआधी मात्र फळीवरून लोहचुंबक फिरवायचं, कारण आत मोडलेला खिळा राहिला असेल तर रंध्याचं पातं कामातून जातं. रंग निघाला की आतलं लाकूड मधासारखं दिसतं आणि कमावलेल्या कातड्यासारखा वास सुटतो. हा वास आला की वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून डोकावून विचारतात, “आज काय चाललंय गं?” पूर्वी त्या भुसा वाळवणावर येतो म्हणून डोकवायच्या. मध्ये त्यांच्याकडे एक चौरंग पोचला.

पोळपाटाला मात्र मी हे जुनं लाकूड वापरत नाही. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं आणि पोळीशी खेळ नको. त्यासाठी शिसमाची कोरी, अखंड फळी आणते. पोळपाट पाटीसारखा दारावर मिरवत नाही, तरी सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं मला त्यानेच दिली. सणावारी सासू, जाऊ, नणंद, वरकामाच्या मावशी असे चार हात त्या एकाच पोळपाटावर पडतात ना! पोळपाटाला पाय तीनच असतात, ही जुन्या लोकांची हुशारी. तीन पायांची वस्तू कितीही ओबडधोबड ओट्यावर ठेवा, डुगडुगत नाही. चार पायांच्या वस्तूत एक पाय नेहमी रुसलेला. मी वरून गुळगुळीत करते त्याहून जास्त वेळ खालच्या बाजूला आणि काठाला देते, कारण उचलताना बोटं तिथे जातात. पॉलिश पेपर ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस नंबर असा चढत न्यायचा. मग ओला फडका फिरवायचा. लाकडाचे बारीक केस ताठ उभे राहतात. वाळल्यावर ते पुन्हा घासून काढायचे. ही एक पायरी गाळली तर घरी नेऊन पहिल्यांदा धुतल्यावर पोळपाट खरखरीत होतो आणि पहिल्याच पोळीला तुमचं नाव निघतं.

शेवटी तेल. जेवणातली तेलं लाकडात राहून खवट होतात, म्हणून मी लिक्विड पॅराफिन लावते. ते मिळतं औषधांच्या दुकानात, बद्धकोष्ठावर देतात ते. मी एकदम पाच बाटल्या मागितल्या तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आवाज उतरवून विचारलं, “काकू, डॉक्टरांना दाखवलंत का?” मी म्हटलं, पोळपाटाला हवंय. त्यानंतर त्याच्या नजरेत काळजी आणखीच वाढली.

पैशांचं म्हणाल तर भाव सांगणं हे रंधा मारण्याहून कठीण काम आहे. लाकूड, कागद, तेल यांचा हिशेब आमचे हे दोन मिनिटांत मांडून देतात, जन्म बँकेत गेलाय. अडतं ते मजुरीपाशी. आपल्या हातांना ताशी किती धरायचे? बाजारात मशिनवर केलेला पोळपाट स्वस्तात मिळतो, तो वाईट असतो असंही नाही. त्याच्याशी भाव जुळवायला जायचंच नाही, हे मी ठरवून टाकलंय. आणि नातेवाइकांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. एक तर फुकट द्यावं, नाहीतर पूर्ण दाम घ्यावा. मधली ‘घरची’ सवलत कोणालाच पचत नाही. घेणाऱ्याला वाटतं अजून कमी झाली असती, देणाऱ्याला वाटतं आपण उगीच सोडले.

एका हुशार पुतण्याने सुचवलं की प्रत्येक भेटवस्तूच्या खाली फोन नंबर छापावा, जमलं तर क्यूआर कोडच. आहेरावर फोन नंबर म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून ताटाशेजारी बिल ठेवणं. मी तापवलेल्या सळईने तळाला एक छोटंसं पान डागते, बस्स. ज्याला खरंच हवं असतं तो पत्ता काढतोच. ठाण्यात पत्ता काढायला वेळ लागत नाही. राम मारुती रोडवर दोघी भेटल्या की तिसरीची चौकशी होतेच. फक्त चौकशी बहुतेकदा “तुमच्या मिस्टरांचा नंबर द्या ना” अशी येते. हे फोन घेतात, सांगतात, “मी फक्त भुसा झाडतो,” आणि माझ्याकडे देतात.

वर्षातला खरा हंगाम संक्रांत ते रथसप्तमी. हळदीकुंकवाला गेलेली बाई यजमानीण अत्तर लावेपर्यंत घरातल्या सगळ्या नव्या वस्तू पाहून घेते. एका घरी माझं उदबत्तीचं लाकडी घर होतं, भेट दिलेलं. तिथून पुढच्या वर्षीच्या वाणाची ऑर्डर आली, सगळ्या बायकांना पुरेल एवढी. लुटायला म्हणून तीच वस्तू पुन्हा पुन्हा करताना कळलं की भेट करण्यातली मजा आणि ऑर्डरीतली शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भेट करताना गाठ आडवी आली तर मी तिच्याभोवती आकार वळवते. ऑर्डरीत गाठ नकोच असते. त्यातही एखादी म्हणतेच, “वहिनींकडे आहे ना, अगदी तस्साच हवा, ती काळी रेघ पण.” आता ती रेघ झाडाची, माझी थोडीच?

रुखवताचं तर विचारूच नका. पूर्वी त्यात सावंतवाडीची लाकडी फळं असायची, पेरू आणि सीताफळ इतके हुबेहूब की लहान मुलं चावून बघायची. कार्यालयात रुखवताच्या टेबलाशी आलेला प्रत्येक माणूस हात मागे बांधून सावकाश बघत जातो, आणि बघून झाल्यावर हळूच एक वस्तू उचलतोच. ज्याला गिऱ्हाईक हवं त्याने लग्नाच्या हॉलमध्ये याहून चांगली जागा शोधून दाखवावी.

परवाच जुन्या शेजारीणबाई आल्या. लेकीचं लग्न मार्गशीर्षात, रुखवतासाठी दोन पाट, एक चौरंग आणि जावयाच्या नावाची पाटी हवी. जावई ‘गोगटे’ निघाला. मी भाव सांगितला, त्यांनी एका शब्दाने घासाघीस केली नाही, पर्समधून पाकीट काढून आगाऊ रक्कम ओट्यावर ठेवली. मी वहीत लिहून घेतलं. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या, “आणि हे बघा, लग्नाला दोघांनी यायचंय. आहेर वगैरे काही आणू नका हं. तुमच्या हातचा एखादा पोळपाट आणलात तरी पुरे.”